आई त्याला मालक म्हणाली

मंगळवार, संध्याकाळ. मोरवा, भाईंदर.

आज वकिलांच्या ऑफिसातून व्हिडिओवर आईची साक्ष झाली. गावातली आमची वस्ती जाळली त्याला चाळीस वर्षं झाली, आणि ती जाळणारा गावचा पाटील आत्ता कुठे कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलाय. ब्याऐंशीचा झालाय. नातवानं हात धरून आणला.

"यांना ओळखता?" कोर्टातून सरकारी वकिलांनी विचारलं. आईनं डोक्यावर पदर घेतला, स्क्रीनवर बोट ठेवलं. "व्हय, हेच मालक."

मालक? माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, ज्यानं पेटत्या घरात ढकललं तो? येताना रिक्षात मी चिडलोच तिच्यावर.

"जिभीला सवय हाय रं," ती म्हणाली. "बोट तर नीट दाखिवलं ना म्या?"

दाखवलं. मग मी कुणावर चिडलोय? शिक्षा व्हायलाच हवी, पण मी सगळा वेळ त्या मालकाचे पांढरे केसच बघत होतो. दादा असते तर याच वयाचे. त्यांचा एकच फोटो आहे, काळ्याभोर केसांचा. आता मीच त्यांच्याहून म्हातारा दिसतो.

साक्ष संपल्यावर नातवानं त्याला धरून हळूच खाली बसवलं. तेव्हा इकडे खुर्चीत माझाही हात आपोआप पुढे झाला, दादांना धरायला.