मेणदोरा बांधलेले अंजीर

दि. १७ जून

शिस्तधुरंधर, सहस्रविद्यार्थिभयंकर, मुख्याध्यापिकापदविभूषित, अनुजकर्णाकर्षणनिपुण, सकलगुणालंकृत ज्येष्ठ भगिनी ताईसाहेब यांचे सेवेशी, पुस्तकबांधणी दुकानाचा विद्यमान अधिपती आणि खळीने चिकटलेल्या दशांगुलांचा धनी जो कनिष्ठ बंधू, त्याचा सविनय नमस्कार.

इकडील क्षेम. दुकान चालते. तुझ्या भावजयीचा गुडघा हवामानाचे भाकीत अचूक वर्तवितो. बाबांची प्रकृती 'स्थिर' आहे. शब्द डॉक्टरांचा; अर्थ मी विचारला नाही.

मुख्य वृत्त असे, की परसातल्या अंजिराने यंदाचे पहिले फळ दिले. ते हिरवे असतानाच त्याला बांधणीचा मेणदोरा बांधून "हे पहिलं" म्हणण्याचा बाबांचा परिपाठ तुला ठाऊकच आहे. आपले यहुदी पूर्वज जिथे पहिले फळ वाहत, ते यरुशलेमचे मंदिर पडून दोन सहस्र वर्षे लोटली, तेव्हा हे अर्पण नव्हे, केवळ स्मरण, असे ते दरवर्षी बजावीत. पिकल्यावर कोणीही आभार मानील. झाड पुढे काय देणार हे कळण्याआधी मानावेत, हेही बजावीत.

यंदा पक्षाघाताने उजवा हात निकामी, वाचाही अडखळती. तरी काठी टेकीत गेले आणि डाव्या हाताने व दातांनी गाठ मारली. तुझी भावजय स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बाबा झाडाला चावतायत, बघा जरा!"

परवा फळ उतरले. ताटलीत ठेवले. प्रथमफळाचे वचन म्हणायला बाबा धर्मपुस्तक उघडून बसले. "माझा... माझा..." एवढ्यावर गाडी अडली. मी, आजन्म वाचाळ, सवयीने पुढचे वाक्य पुरे करून टाकले. बाबांनी पुस्तक मिटले, दूर सारले आणि भिंतीकडे तोंड केले. जेवलेही नाहीत.

सायंकाळी तुझ्या भावजयीने मला फैलावर घेतले. "मंदिरातली ती गोष्ट बाबांनीच सांगितली होती ना? ज्यांना वचन येई ते स्वतः म्हणत, न येणाऱ्यांना दुसरा एकेक शब्द सांगे. मग न येणारे लाजेने फळं आणीनासेच झाले."

"मग सर्वांनाच सांगायचे, असा नियम झाला," मी विद्वत्ता पाजळली.

"झाला ना? मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात? बसा इथं."

तिने पुस्तक हाती घेतले आणि एकेक शब्द सांगू लागली, आधी मला. "माझा बाप भटका अरामी होता." ताई, वचनातला बाप म्हणजे आपला मूळपुरुष, अराम देशाचा; पण समोर बाप बसलेला, आणि 'माझा बाप' याच्यापुढे माझी जीभ हलेना. तिने दोनदा सांगितले. बाबा चक्क हसले. मग त्यांची पाळी. त्यांनी ते वचन शेवटपर्यंत म्हटले. तुटक, वेडेवाकडे, चहा पार निवेपर्यंत. कोणीही मध्ये तोंड घातले नाही. मीसुद्धा.

वचनाच्या शेवटी 'तू, तुझे घर आणि तुझ्यात राहणारा उपरा, सर्वांनी आनंद करावा' असे आहे. तिथे बाबा थांबले. तुझ्या खुर्चीकडे बोट केले. "ती?"

"तिच्या शाळेत परीक्षा आहेत, बाबा."

"खोटं," बाबा म्हणाले. उच्चार निर्दोष होता.

गेल्या खेपेस त्यांच्या ओठांवर तुझे नाव येईना, म्हणून तू संध्याकाळच्याच गाडीने परतलीस. तेव्हापासून प्रत्येक पत्रात लिहितेस, 'जरा सुधारले की येते.' स्थिर म्हणजे आता याहून पुढे नाही, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगितले. सुधारायची वाट पाहू नकोस. आहेत तसेच ते तुला विचारतात.

तुझे नाव त्यांना सांगावे लागेल, आम्ही सांगू. तुझा शब्द अडला तर तुलाही सांगू. सर्वांनाच सांगायचे, असा नियम आहे.

अर्धे अंजीर त्यांनी वाटीखाली झाकून ठेवले आहे. काळे पडले, मुंग्या लागल्या. उचलू देत नाहीत.

तुझा, सर्व बिरुदे खुंटीला टांगलेला,
धाकटा

ता. क. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला, तर आता अहोरात्र टकटक वाजतो. वीजतंत्रज्ञ महाशय म्हणतात, तो त्याचा स्वभाव आहे. मला हे सर्वथा अमान्य आहे. ते पुन्हा येतो म्हणाले होते, अद्याप आलेले नाहीत.