लेकरं मोजायची नसतात

६ फेब्रु.
सोसायटीच्या ग्रुपवर आजही तेच. "चार नंबरमध्ये परदेशी मुलगी का ठेवली?" ठेवली म्हणे! फ्रीजमधली भाजी आहे का ती? भाडेकरू आहे आमची. नाव नासेरियन, टांझानियाची. मसाई, गाई राखणारे लोक. गावातल्या बायांनी स्वतःच शाळा काढली आणि हिला निवडून इथे बी.एड.ला धाडलं. शिकून परत तिथेच शिकवायचं. सणसणीत उत्तर लिहिलं होतं, ह्यांनी पुसायला लावलं.

९ फेब्रु.
नासेरियनबरोबर (यापुढे नुसतं ना.) चहा. त्यांच्याकडे गाई पुरुषांच्या, दूध मात्र बायकांचं. रीतच तशी. संध्याकाळचं दूध शाळेचं. ते विकून बाया मास्तरांचा पगार भागवतात. पण बाजारात पोचेपर्यंत अर्धं नासतं. दूध गार ठेवायचं सोलर यंत्र मिळालं, तर कुणापुढे हात पसरायला नको. मी विश्वस्त आहे त्या ट्रस्टपुढे विषय मांडते म्हटलं. वारज्यात दानशूर माणसं खूप आहेत, फक्त बोर्डावर नाव मोठं लागतं.

१३ फेब्रु.
ट्रस्टची बैठक.
अध्यक्षांचा पहिलाच प्रश्न, "मुलं किती?"
ना. म्हणाली, "आम्ही लेकरं मोजत नाही, काका. मोजलं की लेकरांचं वाईट होतं. कोण आलं नाही, ते न मोजताही दिसतं."
मराठी वर्षभरातलं, पण स्वच्छ. अध्यक्ष हसले. "अहो, आकड्याशिवाय मदत कशी देणार?" तिने लॅपटॉपवर शाळेचा व्हिडिओ लावला होता. अध्यक्ष तो थांबवून, एकेका पोराच्या कपाळावर बोट ठेवत मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन... ती "नको, नको" म्हणत होती. सातावर तिने लॅपटॉप धाडकन मिटला. बोट थोडक्यात वाचलं. वाचायला नको होतं.

१४ फेब्रु.
अध्यक्षांचा फोन. "मुलगी उद्धट आहे. माफी मागू दे, यंत्र मंजूर करतो. अंधश्रद्धा पोसायला ट्रस्ट नाही आपला."
अध्यक्षांच्याच घरी दिवाळीत कुणीतरी पानातल्या पोळ्या मोजल्या, तर त्यांच्या मातोश्री ताटावरून उठल्या होत्या. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजतात का, म्हणून. ते संस्कार. हिची लेकरं म्हणजे अंधश्रद्धा!
अर्थात हे सगळं फोन ठेवल्यावर सुचलं. हे म्हणाले, "तुला राग नेहमी बैठक संपल्यावर येतो."
दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

१७ फेब्रु.
ना. नीट जेवत नाही. माफी मागितली तर गावात कुठल्या तोंडाने जाणार? नाही मागितली तर दूध नासतच राहणार, आणि मास्तरांना दुसऱ्या शाळेचं बोलावणं आलंय. ते गेले तर ही परत जाईपर्यंत शाळा बंद.
मी म्हटलं, "एक सॉरी म्हणून टाक गं, काय जातं?"
ताट तसंच ठेवून उठून गेली. काय बोलून बसले मी. चीड येते स्वतःची.

२० फेब्रु.
ना.च्या आईचा व्हिडिओ कॉल. मागे गावातल्या बाया. किती, ते मोजलं नाही. आयुष्यभर गणित शिकवलंय, पण नाही मोजलं.
आईने आधी माझी तब्येत विचारली, मग ह्यांची, मग घरच्या गाई बऱ्या आहेत ना ते. एकही नाही कळल्यावर फार कळवळली. मग मुद्दा. माफी मागायची नाही, बायांनी ठरवलंय. शाळा त्यांच्या दुधावर उभी आहे. यंत्र नाही मिळालं तर पहाटे आणखी लवकर दुधाची गाढवं बाजाराला हाकतील. द्यायचंच असेल तर अध्यक्षांनी तिकडे यावं, दूध प्यावं, पोरांची नावं विचारावीत. नावं सगळी सांगू म्हणाल्या.
शेवटी आईने आणखी काही विचारलं. ना. भाषांतर करेना. मीच हट्ट धरला.
"आई विचारते, तो माणूस मोजत होता तेव्हा काकू कुठे होत्या?"

२१ फेब्रु.
उद्या बैठक. विषय एकच, यंत्र द्यायचं की नाही. ना. येणार नाही. शाळेचा व्हिडिओ तिने मागेच माझ्या मोबाइलवर पाठवलाय, आणि अध्यक्षांनी तो घेऊनच यायला सांगितलंय. मोजणी अर्धी राहिली म्हणतात.
माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच असते. उजव्या हाताला. मोजायचं बोट त्याच हाताचं.