रोज संध्याकाळी बोलणारी चिमी

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास, चिमीचा सा. न. वि. वि.

फोनवर न लिहिता मुद्दाम पत्र पाठवते आहे. माझं अक्षर तूच गिरवून घेतलंस, ते तू ओळखशील.

दादा काल म्हणाला, बरं झालं, तू रोज संध्याकाळी आत्याशी मेसेजवर बोलतेस. आत्या, ती मी नाही. कुणीतरी माझा फोटो उचलून माझ्या नावाचं खातं उघडलंय. असे लोक आधी गोड बोलतात, मग आपल्या फोनवर आलेला कोड मागतात. तो दिलास तर तुझं खातं त्यांच्या हाती जाईल आणि तुझ्या नावाने ते तुझ्याच गिऱ्हाइकांना फसवतील. शिवणकामात कमावलेला विश्वास जाईल. कोड दिला नाहीस ना? कुलूप लावून पुन्हा ओढून पाहावं, तसं हे पत्र मी कितीदा वाचलं. उलट टपाली कळव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी चिमी


ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

कोड दिलेला नाही. पण नाही दिलास तर बोलणार नाही, असं तिकडून आलं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा मी फोन हातात धरूनच बसले होते.

ती तू नव्हेस, हे मला केव्हाच कळलं होतं. झबल्याचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं, किती सुंदर. आपल्या घरात असं कोण म्हणतं? मी शिकवल्याप्रमाणे तू आधी ते उलटं करायला लावलं असतंस आणि लोंबणारा धागा शोधला असतास. तरी मी फोटो पाठवत राहिले. मशीन थांबलं की खोली फार गप्प होते गं. आज काय शिवलंस, असं कुणीतरी विचारत होतं.

ते खातं अजून ब्लॉक करवत नाही. हसू नकोस.

आठवण असू दे.

तुझी आत्या


ता. १३ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

हसले नाही. दादाला बोलावून शेजारी बसव, त्या खात्याची तक्रार कर आणि ते ब्लॉक कर. काही उत्तर देऊ नकोस. गिऱ्हाइकांनाही सावध कर.

आता रोज संध्याकाळी मी फोन करीन. आवाज ओळखल्याशिवाय बोलू नकोस. काय शिवलंस, ते विचारीन. पण सुंदर म्हणणं मला जमेलच असं नाही. ओठांवर येतं आणि अडतं. तेवढं सांभाळून घे.

तुझीच,
चिमी