पाचवं माप

सोमवार, ७ जुलै
आज फोन वाजला! उत्कर्षाचा. आठवीतली नात. राहते हिंजवडीला — कोथरूडपासून फार लांब नाही, पण मुलगा आनंद म्हणतो, "बाबा, ट्रॅफिक!" म्हणजे विषय संपला. तिने विचारलं, "आजोबा, ऱ्हॉम्बस आणि स्क्वेअरमध्ये फरक काय?" म्हटलं, उद्या सांगतो. मला कुठे येतंय! जन्म पोस्टात गेला.

मंगळवार, ८
अप्पा बळवंत चौकातून आठवीचं गणित आणलं. दुकानदार म्हणाला, "आपण बसणार का परीक्षेला?" म्हटलं, "नापास झालो तर पुस्तक परत घ्याल?"
समभुज चौकोन म्हणजे तिचा ऱ्हॉम्बस. प्रत्येक चौरस समभुज असतो. प्रत्येक समभुज मात्र चौरस नसतो. संध्याकाळी सांगितलं. अकरा मिनिटं बोलली! उत्कर्षाची आजी कुसुम गेल्यापासून माझ्याशी इतका वेळ कोणी बोललं नव्हतं.

शुक्रवार, ११
रोज सातला फोन. मी पावणेसातपासूनच कंपासपेटी उघडून बसतो.

मंगळवार, १५
धडा संपत आला. संपला की फोनही संपणार.

बुधवार, १६
आज वाईट वागलो. तिने विचारलं, "चौकोन काढायला किती मापं लागतात?" पाच लागतात. सकाळीच खराट्याच्या चार काड्या दोऱ्याने बांधून पाहिल्या होत्या — बोट लावलं की कलतात. कर्णावर पाचवी बांधली, मग हलेना. एवढं माहीत असून म्हणालो, "चार बाजू पुरे." वाटलं, आकृती जमणार नाही, मग उद्या पुन्हा विचारेल.

गुरुवार, १७
फोन नाही. सूनबाईंचा, अस्मिताचा मेसेज आला — "बाबा, उद्या उत्कर्षाची भूमितीची चाचणी. म्हणून तिचा फोन काढून घेतलाय. तुम्ही शिकवलंय, काळजी नाही!"
उत्तर लिहिलं : तिला सांग, चार नव्हे, पाच. पाठवलं नाही. लाज वाटली.

शुक्रवार, १८
जेवण गेलं नाही. स्वतःची करमणूक व्हावी म्हणून पोरीचे गुण घालवले मी. म्हातारा असून अक्कल नाही.

मंगळवार, २२
सातला फोन. "आजोबा, वीसपैकी वीस!"
"आणि ते... चार बाजूंचं?"
"पाच लागतात हो! शाळेत तो धडा कधीच झालाय."
"मग मला कशाला विचारत होतीस रोज?"
"विचारलं की तुम्ही बोलता. एरवी 'बरंय, ठेवतो' म्हणून ठेवून देता."
आज मात्र फोन ठेवला नाही.