बाबांच्या हार्लेचे पिस्टन

सिएनफ्वेगोस, ९ फेब्रुवारी १९९९

ती. नेरेइदाताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची हार्ले मोटरसायकल सापडली. पाल्मिरा गावात लिओविहिल्दो नावाचा एक म्हातारा आहे, त्याच्या गोठ्यात. वर कोंबड्या बसलेल्या. टाकीला भिंतीचा निळा रंग ब्रशने फासलेला, मागचा दिवा ट्रॅक्टरचा. पण किक मारली आणि नंबर न बघताच ओळखली. बाबांनी ट्रकचे पिस्टन कातून बसवले होते, ते जरा सैल. इंजिन थंड असलं की टक्, टक् वाजतात. तसं वाजणारी दुसरी गाडी या बेटावर नाही.

त्र्याण्णवच्या उपासमारीत बाबांनी ती एका डुकरिणीच्या बदल्यात देऊन टाकली होती. त्या डुकरिणीवर आपलं घर जगलं, म्हणून मी बोल लावत नाही. आता परत घ्यायला माझी जावा मोटरसायकल द्यावी लागली. तिचा एकेक नट मी स्वतः आवळलेला. लिओविहिल्दोने तिच्याभोवती चकरा मारल्या आणि म्हणाला, की रंग जरा बायकी आहे, पण चालेल.

हे सगळं आईसाठी. तिची नजर तर गेलीच, पण बाबा गेलेत हेही आता लक्षात राहत नाही. संध्याकाळी दाराशी खुर्ची ओढते आणि फ्लोरेंतिनो अजून कसा आला नाही म्हणून विचारत राहते. रोज तिला नव्याने सांगायचं आणि रोज तिने नव्याने रडायचं. थकलो गं. गाडी दारात लागली तर तिचा जीव जरा थाऱ्यावर येईल.

पण करायची तर नीट करायची. कंपनीच्या मापाचे असली पिस्टन कुणाच्या तरी हाती पाठव. माप मागे लिहिलंय. हजारातला एक भागसुद्धा इकडचा तिकडे चालणार नाही.

लोभ आहेच, तो पिस्टनसकट असावा.
तुझा, एवेलिओ

टँपा, २१ मार्च

चि. एवेलिओस अनेक आशीर्वाद.

पिस्टन पाठवतेय. दुकानातल्या पोराने विचारलं, की बाई, तुम्ही स्वतः इंजिन बांधता का. मी म्हटलं, माझा भाऊ बांधतो आणि मी त्याची बोलणी खाते. माप तीनदा ताडून घेतलंय, तेव्हा उगाच नाक मुरडू नकोस.

यंदाही माझं येणं जमत नाही. हॉटेलच्या धुलाईखात्यात दोघी सोडून गेल्या, सुट्टीचं नाव काढलं की मुकादमीण तोंड फिरवते. पिस्टनबरोबर आईला पायमोजे आणि पावडर ठेवलीय. ती माझं नाव काढते का रे? नसेल काढत तर कळवू नकोस.

सगळ्यांवर माया असू दे, माझ्यावर थोडी जास्त.
तुझी, ताई

सिएनफ्वेगोस, १६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पिस्टन बसले. सिलिंडरला आतून नवी स्लीव्ह, म्हणजे अस्तराची नळी, घातली, टाकी घासून मूळ रंगावर आणली. इंजिन आता शिलाई मशिनसारखं चालतं. आमच्या हार्लेवाल्यांच्या क्लबातले लोक कान लावून ऐकतात आणि मान हलवतात. जुने पिस्टन लिओविहिल्दो हट्टाने घेऊन गेला. एकाची त्याने सिगारची राख झाडायला रक्षापात्री केली, दुसऱ्याने दार अडवतो.

काल संध्याकाळी गाडी दारात आणली. आई खुर्चीतच होती. तिने कान टवकारले आणि माझ्या बायकोला सांगितलं, की कोण परका माणूस आलाय बघ, त्याला म्हणावं फ्लोरेंतिनो घरी नाही, उद्या ये.

मी गाडी बंद केली. आयुष्यात इतकं बिनचूक काम माझ्या हातून झालं नव्हतं. आता हातात पाना धरवत नाही.

अधिक काय लिहू.
एवेलिओ

टँपा, १३ जून

चि. एवेलिओस आशीर्वाद.

अरे शहाण्या, तिने गाडी कधी डोळ्यांनी ओळखली होती? बाबा मला शाळेतून न्यायला यायचे तेव्हा मीही वळणावरची ती टक् टक् ऐकूनच दप्तर उचलायचे. आईसुद्धा त्याच आवाजाला चुलीवर कॉफी चढवायची. आणि तू नेमकी तीच काढून टाकलीस! मी मूर्ख, मीच ती काढायला सामान पाठवलं.

जा, त्या म्हाताऱ्याची रक्षापात्री घेऊन ये. हवं तर त्याला काचेची एक पाठवते.

रागावू नकोस, जवळ असते तर कान धरला असता.
ताई

सिएनफ्वेगोस, २९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिओविहिल्दो आधी पोट धरून हसला. म्हणाला, की हार्लेवाले वेडे असतात हे ऐकून होतो, आता दाखवायलाच एक सापडला. मग राख झटकून पिस्टन दिले. मी घातलेली स्लीव्ह मीच कातून काढली. चांगलं काम उलटं करायला दुप्पट हात लागतो. पाठ धरलीय. क्लबात सांगितलं नाही, तिथे मला तोंड उरणार नाही.

परवा गाडी थंड होऊ दिली आणि मग वळणावरून आणली. टक्, टक्. मी उतरायच्या आत आईने बायकोला कॉफी ठेवायला पिटाळलं. मग माझ्यावर बरसली, की ही काय यायची वेळ झाली, भात-घेवडा गार झाला, आणि ते यंत्र माझ्या स्वयंपाकघरात आणायचं नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाबांच्या वाटची बोलणी, पण गोड लागली.

मग ती उठली, चाचपडत गाडीपाशी आली. हँडल नाही, टाकी नाही, सरळ मागच्या सीटवर हात फिरवला. विचारलं, की पोरगी कुठाय, शाळेतच विसरून आलास की काय.

मी म्हटलं, येतेय मागून.

त्या रात्री ती शांत झोपली. काल पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. इंजिनातलं सगळं मला दुरुस्त करता येतं ताई, हे येत नाही. मागची सीट झटकून, कातडं नवं लावून ठेवलंय.

लोभ असावा. पार्सल नको.
तुझा, एवेलिओ