आप्पांनी साडी उलटी धरली

शनिवार, संध्याकाळ

आज माझंच चुकलं. वडगावच्या घरातला माग गेल्या महिन्यात विकल्यापासून आप्पा नुसते बसून असतात, म्हणून त्यांना बाजार फिरवायला नेलं. गणपत गल्ली, मारुती गल्ली, शेवटी मिठाईवाल्याकडचा कुंदा, असं सगळं ठरवलं होतं. पण खडेबाजारात पहिल्याच साडीच्या दुकानात ते अडकले. साडी हातात घेतली, उलटी केली आणि काठावर अंगठा फिरवत राहिले.

दुकानदार हसला. "आजोबा, उलटी बाजू कोण बघतंय?"

मला लाज वाटली. हात धरून त्यांना बाहेर ओढलंच. बाकीची ठिकाणं राहतील म्हणून. कसली ठिकाणं?

परत येताना कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. अंगठा आता डब्यावर फिरत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मागावर उलटीच बाजू वर असती गं. साडी उतरली की घडी घालून व्यापाऱ्याकडं. सुलटी नीट बघायला जन्मात सवड झाली न्हाय. आज पलटून बघणारच होतो, तवर तू हात धरलास."