प्रयोग लवकर उरका

लोणी काळभोर

ती. शालनआत्यास ऋतुजाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि आतोबांचा स्वभाव, दोन्ही सध्या बरे असावेत. इकडे सगळं ठीक. म्हणजे पप्पा माझ्याशी बोलतात, पण आईमार्फत.

एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळाला, हे तुला कळलंच. प्रॅक्टिकल सुटतं संध्याकाळी साडेसहाला आणि हडपसरच्या गर्दीतून मी घरी पोचते तेव्हा जेवणं आटोपलेली असतात. (विश्वजीतदादा याच बसने यायचा, तेव्हा त्याचं ताट झाकून ठेवायचे. माझी वाट बघायला भावकी ओट्यावर बसते.) मुलींच्या वसतिगृहात जागा नाही. मुलांच्या वसतिगृहात आहे, पण ती माझ्या उपयोगाची नाही, असं तिथल्या साहेबांनी मला शांतपणे समजावलं.

म्हणून पप्पा मला घेऊन सदाशिव पेठेत खोली बघायला गेले. घरमालकीण उल्काताईंनी चहाच्या आधी नियम दिले: मुलींनी सातच्या आत परत यायचं. मी म्हटलं, प्रॅक्टिकलनंतर लायब्ररीत बसावं लागतं. त्या म्हणाल्या, "मग प्रयोग लवकर उरका." तेवढ्यात वरच्या खोलीतला शुभंकर स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आला. त्याला वेळेचं बंधन नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्याला अभ्यास असतो." पप्पा इतक्या समाधानाने मान हलवत होते, की मला वाटलं, खोली तेच घेतात.

मग ताईंनी माझ्या लग्नाची चौकशी केली. "यंदा दिवाळीनंतर बार उडवून देऊ," पप्पा म्हणाले. आत्या, ही बातमी मला परक्या माणसांच्या सोफ्यावर कळली. चहा चांगला होता, म्हणून तेवढा संपवला.

तिथून आम्ही मंडईत गेलो. पप्पा पेरू निवडत होते, तेव्हा म्हटलं, "करते लग्न. पण मुलगा सातच्या आत घरी येणारा बघा. त्याला म्हणावं, नोकरी लवकर उरकत जा." पेरूवाल्या मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, पोरगी बरोबर बोलतीय." पप्पांनी निवडलेले पेरू परत ठेवले. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं (खिडकीच्या बाजूला बसण्याचा हाच फायदा). घरी आल्यावर पप्पा आईला म्हणाले, "तिला सांग, एम.एस्सी. होऊ दे आधी. पण एकटी राहायचं नाही."

बाकी क्षेम. आतोबांना नमस्कार.

तुझी,
ऋतुजा

ता. क. घरातली वडीलधारी बाई सोबत राहणार असेल, तर उल्काताई किल्ली द्यायला तयार आहेत. तुझी दोन्ही मुलं नोकरीला लागली, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव आहे. आतोबांना कुकर लावता येतो, हे मी स्वतः पाहिलंय.

पुन्हा ता. क. संध्याकाळची एसटी उशिरा येते म्हणून बारावीनंतर तुझं कॉलेज बंद केलं, असं आजी सांगायची. आमच्या कॉलेजात बी.ए.चे वर्ग सकाळी भरतात. येताना बारावीची गुणपत्रिका आण. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांना वाटतंय, तू माझ्यावर लक्ष ठेवायला येतेयस.